मुकादमाच्या ओट्यावरच्या बाई

आमच्या वस्तीवर सूड घ्यायचा म्हटलं की लोक शेजाऱ्याचा बांध कोरतात, नाहीतर कोर्टात जातात. मनकर्णाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्या वैऱ्याच्या घरात राहायला गेल्या. मी रेश्मा, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि पाहताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. चांगल्या बायका असं बोलत नाहीत म्हणे. नसतील बोलत.

बाई दिसायला साध्या. उंची बेताची, पायात कायम त्याच चपला, पदर पिनेनं खांद्याला घट्ट. सातवीपर्यंतच्या आमच्या शाळेत त्या इतकी वर्षं आहेत की त्यांनी शिकवलेल्यांची पोरं आता त्यांच्यासमोर बसतात. त्यांची एक पद्धत आहे. सकाळी हजेरी घेताना त्या पुस्तक उघडतच नाहीत. सगळी नावं तोंडपाठ, बापाच्या नावासकट. नाव घेतलं की पोरानं उभं राहायचं आणि "हजर, बाई" म्हणायचं, मोठ्यानं. तेवढ्यात त्या पोराचं तोंड बघून घेतात. कोण उपाशी आलंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, कुणाच्या अंगात कणकण आहे, सगळं त्यांना तिथंच कळतं. मग मला स्वयंपाकघरात निरोप येतो की आज अमक्याला आधी वाढ.

पाथर्डीच्या आमच्या बाजूला पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहाला थांबत नाही. त्यामुळे दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात, आणि जोड्या गोळा करून कारखान्याला नेणारा तो मुकादम. आमचा मुकादम बिभीषण. त्याला पोरीबाळींचं वय दिसत नाही, हात दिसतात. मी सातवीत होते तेव्हा त्याला माझेही दिसले. शाळा दहाला भरायची, बाई पाथर्डीहून जीपने यायच्या. बिभीषणच्या गाड्या पहाटे निघायच्या. बाई वर्गात येऊन माझं नाव घेत होत्या तेव्हा मी तिकडे घाट उतरले होते.

बाई रविवारी मला शोधत थेट ऊसतोड्यांच्या फडापर्यंत आल्या होत्या. बिभीषणनं त्यांना तोंडावर सांगितलं, अशी कुणी पोरगी इथं नाही. मी मागच्याच कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत होते. बाई बाहेर उभ्या राहून माझं नाव घेत होत्या, वर्गात घेतात तसंच, बापाच्या नावासकट. मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या तोंडावर बिभीषणच्या बायकोचा, छबूबाईचा हात होता. दाबून धरलेला, लसणाचा वास येणारा हात. बाई गेल्या. पुढच्या हंगामात त्याच टोळीतल्या कल्याणशी माझं लग्न लावून दिलं आणि आमचा कोयता झाला.

कल्याण माणूस वाईट नाही, ते वेगळं. अंगावर पोर घेऊन मी परत आले तेव्हा बाईंनी मला हाक मारून शाळेत खिचडीचं काम दिलं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीलाही बसवलं. मी पास झाले. त्यानंतर मी उसाला गेले नाही आणि जाणारही नाही. पण तो लसणाचा वास मी विसरले नव्हते. बाईही काही विसरल्या नव्हत्या. फक्त आम्ही दोघी त्यावर बोलत नव्हतो.

मग ती पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि मारुतीसमोरच्या पारावर माणसं बसली. त्या पावसाळ्यात बाई घरोघर फिरून सांगत होत्या की उसाला जाताना पोरं मागे ठेवा. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी सरकारची सोय आहे, हंगामी वसतिगृह म्हणतात. पोरं रात्री आजा-आजीजवळ झोपतात आणि दोन्ही वेळा शाळेत जेवतात. आमच्याकडे ते कधी चाललं नाही, कारण संध्याकाळी पोरांना बघायला गावात शाळेचं कुणी नसायचं. तरी बाईंची ती फिरती बिभीषणला झोंबली होती. पोरं मागे राहिली की आयांचा जीव मागे राहतो आणि फडावर लेकरं सांभाळायला, भाकऱ्या थापायला फुकटचे हात मिळत नाहीत.

तो उठला आणि बोलायला लागला. "ऊसतोड्या बारा तास राबतो. हे मास्तर लोक धाला येत्यात, पाचला जात्यात. मदी जेवायची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. सावलीला बसून पगार. दुनियेत ह्याच्याइतकी सोपी नोकरी न्हाई. अन् वर आमालाच शिकवायला येत्यात."

माणसं हसली. मला राग आला तो त्या हसण्याचा, कारण बोलण्यात सगळंच काही खोटं नव्हतं. मी ऊस तोडलाय. पहाटेच्या दहिवरात पाचट कापतं तेव्हा हातांना काय होतं ते मला विचारा. त्याच्यापुढे शाळा सोपीच. पण बाईंचं काम शाळेपुरतं कुठं असतं? मतदारयाद्या त्याच करतात, संडास कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही ते दारोदार विचारत त्याच फिरतात. माझ्या खिचडीचा फोटोसुद्धा रोज त्यांनाच पाठवावा लागतो, रेंज मिळेना म्हणून टेकाडावर चढून. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे दाखले त्यांनीच काढून दिले होते.

बाई बसूनच म्हणाल्या, "ऊसतोड अवघड आहे, मला मान्य आहे. पण बिभीषणराव, तुम्ही कुठं ऊस तोडता?"

आता हशा पिकला तो त्याच्यावर. बिभीषणचे कान लाल झाले. त्यानं तिथल्या तिथं ठराव मांडला की शिक्षकांनी नियमाप्रमाणे गावातच मुक्कामी राहायचं, जो राहणार नाही त्याची वर तक्रार जाईल. हात वर झाले, ठराव पास. गावात खोली कुठं मिळते, असं कुणीतरी विचारलं. तेव्हा बिभीषणनं छाती पुढे काढून सांगितलं की माझ्या घराची पुढची खोली मोकळी आहे, ओट्यासकट, एक पैसा घेणार नाही. त्याचा हिशेब सरळ होता. बाईमाणूस मुकादमाच्या घरी राहायला येणार नाही, बदली मागेल, ब्याद टळेल.

बाई म्हणाल्या, "रविवारी सामान आणते."

बाकीच्या दोन गुरुजींनी भाड्याच्या पावत्या करून घेतल्या आणि ते कागदोपत्री गावात राहायला आले. बाई खऱ्याखुऱ्या आल्या. टेम्पोत एक कॉट, दोन पेट्या, गॅसची शेगडी आणि खडूंचं खोकं. त्यांच्या पाथर्डीच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, हे बिभीषणला ठाऊकच नव्हतं. मुलगा राहुरीला शेतकी कॉलेजात, नवरा श्रीरामपूरला रेल्वेत. ते सुनीलराव शनिवारी यायचे आणि आता तेही बिभीषणच्याच ओट्यावर बसून पेपर वाचायला लागले. आलेल्या पाहुण्याला चहा नाही म्हणता येत नाही. बिभीषण दर शनिवारी दात-ओठ खात चहा सांगायचा.

त्या ओट्यावर काय झालं ते सांगताना मला अजून हसू येतं. मुकादमाचा सगळा धंदा ओट्यावर चालतो. माणसं यायची, खाली मान घालून बसायची, बिभीषण त्यांना दरडावायचा आणि पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचा. आता समोर बाई वह्या तपासत बसलेल्या. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त आलेल्याला विचारायच्या, बरं आहे ना, पोरगी वाचायला लागली का. तो माणूस चपलेशी चाळा करत बसायचा आणि बोलायचं ते न बोलताच उठून जायचा. संध्याकाळी दिवेलागणीला सगळी पोरं अभ्यासाला तिथंच. पाढे, कविता, पुन्हा पाढे. बिभीषणला घरात फोनवर बोलायला जमेना, मित्रांबरोबर बाटली उघडायला जमेना. एकदा तो ओरडला, तर बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की ओट्यासकट खोली तुम्हीच दिलीत, सभेत. पोरांनी तेराचा पाढा परत पहिल्यापासून धरला.

आणि मास्तरांचं काम किती वाजता संपतं हेही त्याला कळलं. बाईंचं दार उजाडायच्या आत वाजायचं. कुणाचा अर्ज, कुणाचं तापानं फणफणलेलं लेकरू, कुणाला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. बिभीषणची झोप उडाली. तो छबूबाईवर चिडचिड करायचा आणि छबूबाई पिठाचे हात घेऊन दाराआड उभी राहून पोरांचा अभ्यास ऐकत राहायची. मी तिच्याकडे बघत नसे. ती माझ्याकडे बघायची.

दिवाळी जवळ आली तशी खरी गोष्ट पुढे आली. सातवीतली सुकन्या, रामहरीची पोर. शाळेत तिच्याइतकं गणित कुणाचं नाही. तिची आई बनुबाई मागच्या हंगामात मोळी घेऊन पडली, तेव्हापासून कमरेतून उठली नाही. रामहरी एकटा राहिला, म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता बिभीषण घेत नाही. त्यानं रामहरीला सांगितलं, पोरगी हाताशी आलीय, आईच्या जागी तिला घे, वर्षभरात तिचंही बघू. 'बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं. माझं असंच बघितलं होतं.

मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "ही मी त्याला नेऊ देणार नाही. ह्या वेळी नाही." त्यांच्या आवाजात माया नव्हती, निव्वळ राग होता. मला तो फार आवडला.

त्या रामहरीला जाऊन भेटल्या. तो रडला, हो म्हणाला, दुसऱ्या दिवशी बिभीषणला भेटून पुन्हा नाही म्हणाला. एवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. बाईंनी पिशवी भरली, ओट्यावर उभं राहून छबूबाईला मोठ्यानं सांगितलं की श्रीरामपूरला जाते, सुट्टी संपली की येते, आणि गेल्या. बिभीषणनं त्याच दिवशी गाड्या ठरवल्या, भाऊबीजेच्या दुसऱ्या पहाटे. मास्तर सुट्टीत गावात थांबत नाही, हे त्यानंच सभेत सांगितलं होतं ना. आपल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास बसला होता. मी तो दिवस बाईंना फोनवर कळवला, आणि भाऊबीजेला शेवटच्या जीपने त्या परत आल्या, माझ्या घरी उतरल्या.

पहाटे बिभीषणच्या अंगणात दोन ट्रॅक्टर उभे होते, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्यात माणसं, गाठोडी, कोंबड्या, पत्रे, हंडे आणि अंथरुणांत गुंडाळलेली पोरं. चाकासमोर नारळ फुटल्याशिवाय गाड्या हलत नाहीत अशी रीत आहे. बिभीषण नारळ हातात घेऊन वाकला, तेवढ्यात बाई येऊन चाकासमोर उभ्या राहिल्या. पदर पिनेनं खांद्याला घट्ट. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ट्रॉल्यांकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात हजेरी सुरू केली.

पहिलं नाव पहिलीतल्या पोराचं. मग कुठल्यातरी गोधडीतून झोपाळू आवाज आला, "हजर, बाई." आणि पोरगं सवयीनं उभं राहिलं. दुसरं नाव, तिसरं. हंड्यांच्या मागून, पत्र्यांच्या आडून, आयांच्या मांडीवरून पोरं उठून उभी राहायला लागली. आया बघत राहिल्या. त्यांची लेकरं फडावर कधी अशी उठून उभी राहत नाहीत. बिभीषण म्हणाला की शाळेला सुट्टी हाय, हे काय चाललंय. बाई पुढचं नाव घेत होत्या. एका म्हाताऱ्यानं आपला नातू उतरवून घेतला. मग दुसऱ्यानं.

"सुकन्या रामहरी."

उत्तर नाही. रामहरी ट्रॉलीच्या कडेला खाली बघत बसलेला. बाईंनी पुन्हा नाव घेतलं. त्यांचा आवाज तसाच होता. मी शेजारीच उभी होते. मला फडावरचा तो रविवार आठवला. मी मागच्या ट्रॉलीच्या चाकावर चढले आणि ताडपत्री वर केली. आत छबूबाई बसलेली होती आणि तिचा हात सुकन्याच्या तोंडावर होता.

मला वाटलं होतं, असा प्रसंग आला तर मी तिचा हात चावेन. झिंज्या धरीन. मी तसलं काही केलं नाही. मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "काकी, ह्या हाताचा वास अजून माझ्या नाकात हाय. काढ तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. खालून बिभीषण ओरडत होता, बाई तिसऱ्यांदा नाव घेत होत्या. छबूबाईनं हात काढला.

सुकन्या उभी राहिली. "हजर, बाई," म्हणाली, इतक्या मोठ्यानं की कोंबड्या फडफडल्या.

रामहरीनं उठून पोरीला स्वतः उचलून खाली ठेवलं. बिभीषण त्याच्यावर धावला की मग तूही उतर, अर्धा कोयता मला नको. तेव्हा माझा कल्याण बोलला, जो सहसा बोलत नाही. मी जायचं सोडल्यापासून तो भावाच्या जोडीनं जायचा, पण भाऊ यंदा स्वतःच्या बायकोबरोबर निघाला होता, म्हणून कल्याणही एकटाच उरला होता. तो म्हणाला, मी आणि रामहरी मिळून एक कोयता. दोन गड्यांचा कोयता चालतो, हे बिभीषणलाही ठाऊक होतं. बाईंनी मग पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं की तेरा वर्षांच्या पोरीला कोयता म्हणून कोण नेत होतं, हे तालुक्याला कळवायला त्यांना एक फोन पुरेल, आणि आज रेंज चांगली आहे. त्यानं नारळ फोडला. गाड्या गेल्या, पोरं राहिली. छबूबाई ट्रॉलीतून उतरली ती पुन्हा चढलीच नाही.

त्या हंगामात आमच्याकडे पहिल्यांदा वसतिगृह चाललं. मी दोन्ही वेळा शिजवत होते, अभ्यास बिभीषणच्या ओट्यावर. छबूबाई येऊन माझ्या शेजारी भाकऱ्या थापायची. मी तिला माफ केलेलं नाही. भाकरी मात्र घेत होते, चांगली करते.

एप्रिलात टोळ्या परत आल्या तेव्हा बिभीषणच्या भिंतीवर बाराखडीचे तक्ते लटकले होते आणि खुंटीला घंटा टांगलेली होती. तो पंधरवडाभर सहन करत राहिला. एक मेच्या ग्रामसभेत तो उठला. चेहरा उतरलेला, आवाज मऊ. म्हणाला की बाईंना लई तरास होतो, बाईमानूस, संसार सोडून राहत्यात, तवा तो ठराव आपन मागं घेऊ. मास्तरकी सोपी न्हाई, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

माणसं ह्या वेळी हसली नाहीत, नुसती ऐकत राहिली. सरपंचांनी बाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं की त्यांना काही त्रास नाही, खोली हवेशीर आहे, निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत आणि तोवर त्यांचा इथंच राहायचा विचार आहे. पण सभा म्हणेल तसं.

ठराव मागे घ्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं सरपंच म्हणाले. बिभीषणनं हात वर केला. आणि आजूबाजूला बघितलं. रामहरी आपल्या पायांकडे बघत होता. कल्याणनं हात बगलेत घातले होते. त्याच्याच टोळीतली माणसं, एकाचाही हात उठेना. शेवटी त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं, आपल्या बायकोकडे. छबूबाई माझ्या पुढेच बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले. ते हात तिथून हलले नाहीत. मी बघत होते.

तो तसाच उभा, हात वर, एकटा. बाईंनी त्याला थोडा वेळ तसाच उभा राहू दिला. मुद्दाम. मग वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "बिभीषणराव, हात खाली घ्या. बसा."

तो बसला.